ऑइल पेंटिंग वाळलं की सावल्या मेल्यासारख्या दिसतात: कारणं आणि उपाय

ओला असताना गडद, खोल दिसणारा रंग वाळला की राखाडी पडतो, पाटीवरचा खडू ओल्या हाताने पुसल्यावर राहतो तसा. तोही सगळीकडे नाही. आकाश ठीक, उन्हातली केळीची पानं ठीक, बागेतली सावली तेवढी मेलेली. तिच्यावर तोच रंग पुन्हा लावला की दोन दिवस बरं दिसतं, मग परत तेच. जळगाव-भुसावळकडे हौसेने ऑइल करणाऱ्यांत हे गाऱ्हाणं कायमचं आहे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर हमखास. "रंग मरी गया भो," एवढ्यावर निदान उरकतं आणि दोष ट्यूबवर जातो. मग कंपनी बदलते, पुण्या-मुंबईहून महागडा सेट मागवला जातो, आणि सावली पुन्हा मरते.

ट्यूबचा दोष क्वचितच असतो. रंगातलं तेल खाली उतरलेलं असतं. ऑइल कलर म्हणजे रंगाची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारं तेल, बहुतेक वेळा जवसाचं. पुडीच्या कणांमधल्या फटी तेलाने भरलेल्या असल्या की वरचा पापुद्रा गुळगुळीत राहतो, उजेड आत शिरतो आणि गडद रंग गडद दिसतो. तेल खालच्या थराने किंवा कॅनव्हासने ओढून घेतलं की कण उघडे पडतात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि उजेड वरच्या वर विखुरतो. काळ्यावर पांढुरकी झाक येते ती अशी. पिवळ्या-पांढऱ्या रंगातही हेच घडतं, पण तिथे डोळ्याला कळत नाही. म्हणून तक्रार नेहमी सावल्यांची.

तेल गेलं कुठे, हे न शोधता वरून थर चढवत राहिलात तर प्रत्येक थराचं तेल त्याच वाटेने जाणार.

आधी खात्री करून घ्या

चित्र हाताला सुकं लागत असेल तर कापसाचा बोळा पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि मेलेल्या जागेवर हलकेच टेकवा. ओल आहे तोवर रंग पुन्हा गडद, जिवंत दिसला आणि सुकताच परत राखाडी झाला, तर तेल उतरलंय. पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

ओला करूनही राखाडीच राहिला तर गोष्ट वेगळी. तुमच्या मिश्रणातच पांढरा गेलाय. केळीच्या बागेतल्या सावलीत नवशिका हात हटकून पांढरा घालतो, कारण डोळ्यांना तिथे थोडा उजेड दिसतोच. तो उजेड पानांतून गाळून आलेला असतो, पिवळट-हिरवा असतो. त्यासाठी गेरूच्या जातीचा, म्हणजे बर्न्ट सिएना किंवा यलो ओकर थोडा घाला, पांढऱ्याला हात लावू नका. हे दुखणं तेल चोळून जात नाही. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

दुसरी परीक्षा कोरड्या कापसाची. पांढरा स्वच्छ कापूस सावलीवर दोन-तीनदा हलकेच फिरवा. कापसाला रंगाची पूड लागली तर तेल इतकं कमी पडलंय की कण धरून ठेवायलाही उरलेलं नाही. असा थर वरून कितीही सजवला तरी पुढे सुटत जातो. पॅलेट नाइफने खरवडा आणि तो तुकडा पुन्हा करा. जीवावर येतं, पण इलाज तोच.

आणि पावसाळ्यानंतर व्हार्निश केलेल्या जुन्या चित्रावर निळसर-पांढरं धुकं धरलेलं दिसलं, तर ती दमट हवेने व्हार्निशवर आणलेली साय. मऊ सुती कापडाने कोरडं पुसलं तरी बरेचदा जाते. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

हातातलं चित्र कसं सावरायचं

उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे: गेलेलं तेल परत द्यायचं, पण अगदी मोजकं.

चित्र आडवं ठेवा. इथल्या धुळीचं वेगळं सांगायला नको, आधी मऊ ब्रशने ती झटका. छोट्या वाटीत चित्रकारांसाठी मिळणारं रिफाइंड जवसाचं तेल आणि तेवढंच टर्पेंटाइन घ्या. दोन्ही मिळून चमचाभर पुरे. जुनं सुती धोतर किंवा धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी फाडून तिचा तळहाताएवढा तुकडा घ्या. नवं कापड नको, त्याचे धागे चिकटतात. त्याचं टोक मिश्रणात बुडवून सावलीवर गोल गोल चोळा. रंग लगेच उघडतो. अंबर या तपकिरी रंगातला लालसरपणा, अल्ट्रामरीनचा निळा, सगळं वर येतं, आणि इथेच हात थांबत नाही. थांबवा. पाचेक मिनिटं जाऊ द्या, मग कोरडं कापड घेऊन सगळं पुसून काढा. खरंच सगळं. बोट फिरवल्यावर ओल जाणवली नाही पाहिजे, नुसती हलकी झळाळी राहिली पाहिजे.

पुसायला जीव होत नाही, कारण ओलं चित्र फार सुंदर दिसतं. पण वर राहिलेलं जास्तीचं तेल महिनोन् महिने चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि काही वर्षांत तिथे पिवळा डाग उमटतो. जवसाच्या तेलाचा पिवळेपणा अंधारात वाढतो आणि उजेडात काही अंशी उतरतो. त्यामुळे असं चित्र कपाटामागे ठेवलंत तर डाग आणखी लवकर दिसेल.

दुसऱ्या दिवशी पाहा. जागा पुन्हा निस्तेज झाली असेल तर तेवढ्याच भागाला पुन्हा एक पुसट हात द्या. दोन-तीन वेळा करूनही तेल पीतच असेल तर खालचा कॅनव्हास तहानलेला आहे. त्याबद्दल पुढे.

चित्र अजून पुरं व्हायचं असेल तर ज्या भागावर आज काम करायचंय तेवढ्यालाच तेल चोळा आणि त्यावरच रंगवा. एक फायदा असा की मेलेल्या सावलीच्या शेजारी रंग जुळवताना होणारी फसगत टळते. राखाडी पडलेला रंग पाहून जुळवलेलं मिश्रण पुढे हमखास फिकं निघतं. चित्र पुरं झालं असेल तर थोडं थांबून सगळ्या चित्रावर पातळ रिटच व्हार्निश हाही मार्ग आहे. राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेलं हे पातळ व्हार्निश हाताला सुक्या लागणाऱ्या चित्रावर चालतं.

आता त्या तेलकट चिंध्या. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि ते होताना उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ही उष्णता निघून जाते. बोळा करून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्यांमध्ये मात्र ती साठत जाते, आणि कुणी काडीही न ओढता कापड पेटू शकतं. ४५ अंशांच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत हा धोका कितीतरी वाढतो. काम झालं की चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, नाहीतर अंगणात एकेक सुटी पसरून कडक होऊ द्या आणि मगच कचऱ्यात टाका. घरात कुणी आवरताना त्या गोळा करून एकत्र कोंबणार नाही, हेही सांगून ठेवा.

परत परत का होतं: कॅनव्हास

बोर्डवर चिकटवलेले स्वस्त तयार कॅनव्हास आणि पॅडमधले कॅनव्हास-कागद यांच्यावरचा पांढरा थर बरेचदा पातळ आणि खडूदार असतो. ॲक्रिलिक रंगाला तो छान धरतो, तेलाला मात्र टिपकागद होतो. नवं काम सुरू करण्यापूर्वी कोपऱ्यात जवसाच्या तेलाचा एकच थेंब टाका आणि चहा पिऊन या. परत आल्यावर थेंब अजून चमकत फुगून बसलेला असेल तर कॅनव्हास बरा. तो पसरून कोरडा डाग झाला असेल, पाठीमागेही ओल उमटली असेल, तर या कॅनव्हासवर तुमच्या सावल्या मरणार.

असा कॅनव्हास फेकायची गरज नाही. टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित यलो ओकर घाला, अगदी थोडं टर्पेंटाइन, आणि कापडाने रगडून सगळ्या कॅनव्हासवर पातळ, एकसारखा हात द्या. आठ-पंधरा दिवस सुकू द्या. मग पुन्हा थेंबाची परीक्षा. ही पिवळसर भुई आणखी एका कामाला येते: कोऱ्या पांढऱ्यावर सगळेच रंग गडद वाटतात आणि आपण सावल्या फिक्या ठेवतो, ते आपोआप कमी होतं. घाई असेल तर चित्रकारांचं पारदर्शक ॲक्रिलिक मीडियम एक हात लावलं तरी शोषण कमी होतं. एवढं लक्षात ठेवा की ॲक्रिलिक नेहमी खाली आणि तेल वर. उलटं करू नका.

काहीजण मांजरपाट आणून घरीच कॅनव्हास तयार करतात. कापसाच्या मुलखात ते साहजिकच आहे आणि मोठ्या मापाला परवडतंही. पण त्यावर भिंतीचं डिस्टेंपर फासणं, किंवा सुतारी पांढरा गोंद आणि खडूची पूड कालवून जाड लेप देणं, यातून तेल पिणारा आणि पुढे तडकणारा थर तयार होतो. मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणून त्याला ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे कॅनव्हास तयार करायच्या पांढऱ्या लेपाचे, पातळ दोन-तीन हात द्या. प्रत्येक हात सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. जाड एका हातापेक्षा हे कधीही चांगलं. हार्डबोर्डवर काम करणार असाल तर कडा आणि पाठही बंद करा, नाहीतर पावसाळ्यात तो वाकतो.

मे महिना आणि टर्पेंटाइनची वाटी

आता खास आपल्याकडचं. हेच हात, हाच कॅनव्हास, हेच रंग, आणि तरी डिसेंबरातली चित्रं मे महिन्यातल्यांपेक्षा बरी निघतात. पारा ४५ च्या पुढे गेला की टर्पेंटाइन वाटीतून दिसता दिसता उडतं. पॅलेटवरचा रंग घट्ट व्हायला लागतो, ब्रश ओढ खातो, आणि हात आपोआप वाटीकडे जातो. थोडं टर्पेंटाइन, पुन्हा थोडं. टर्पेंटाइनमध्ये कणांना धरून ठेवणारं काहीच नाही. ते रंगातल्या तेलाला पातळ करून पसरवतं, स्वतः उडून जातं आणि मागे तेलाला मुकलेली पूड ठेवतं. सावल्या बहुधा सुरुवातीला, पातळ रंगाने टाकल्या जातात, म्हणून सगळ्यात जास्त टर्पेंटाइन त्यांच्याच वाट्याला येतं. उजेडाचे भाग शेवटी, ट्यूबमधला रंग जाड लावून होतात. त्यांचं तेल शाबूत राहतं.

यावर माझं मत सरळ आहे: पहिल्या रेखाटणीनंतर टर्पेंटाइनची वाटी समोरून उचला. ब्रश धुवायला लागेल तेवढं झाकणाच्या बरणीत, हातापासून लांब. रंग घट्ट वाटला तर ब्रशच्या टोकावर जवसाच्या तेलाचा एक थेंब घेऊन पॅलेटवरच्या रंगात कालवा. सुरुवातीला रंग निसरडा वाटेल, दोन बैठकींत हात बसतो.

बाकी उपाय घरगुती आहेत. मे महिन्यात सकाळी लवकर बसा, दहाच्या आत उरका. ट्यूबमधून रंग हरभऱ्याएवढाच काढा, संपला की पुन्हा काढा. कूलरचा झोत ईझलवर आणि पॅलेटवर येऊ देऊ नका. त्या वाऱ्याने टर्पेंटाइन आणखी झपाट्याने उडतं आणि बाहेरची धूळ थेट ओल्या रंगावर येऊन बसते. कूलरचं तोंड तुमच्याकडे वळवा, चित्राकडे नको. खिडक्या मात्र उघड्या हव्यात. उरलेला रंग टिकवायला पॅलेट फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती चालते, थंडीत तेलाचं सुकणं मंदावतं. पण कॅडमियमसारखे रंग पोटात जायचे नसतात, तेव्हा कलिंगडाच्या फोडींशेजारी पॅलेट नको. जुना, बाजूला पडलेला फ्रीज असेल तरच या भानगडीत पडा.

काय पातळ करताय तेही पाहा. हार्डवेअरच्या दुकानात लिटरवर मिळणारं "टर्पेंटाइन" बहुतेक वेळा पेट्रोलियमपासून काढलेलं असतं, चिडाच्या राळेपासूनचं नसतं. ब्रश धुवायला ते उत्तम, पातळ करायलाही चालतं. रॉकेल मात्र कशालाच नको. ते हळू उडतं, मागे तेलकट अंश सोडतं आणि त्यावरचा रंग नीट धरत नाही.

कोणते रंग जास्त मरतात

बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर यात पहिल्या नंबरचे. ही मातीची पूड फार तेल पिते, शिवाय तिच्यात मँगनीज असल्याने ती दोन-तीन दिवसांत सुकते आणि शेजारच्या ओल्या थराचं तेल ओढायला मोकळी होते. आयव्हरी ब्लॅक उलटा, फार हळू सुकतो, पण निस्तेज तोही पडतो. नवशिक्या सेटमधल्या रंगांत पूरक पूड जास्त असते, तिथे हे आणखी लवकर दिसतं.

सावलीसाठी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ही जोडी सगळ्यांना आधी शिकवली जाते. वाईट नाही, पण तुमच्या सावल्या सारख्या मरत असतील तर काही दिवस ती बाजूला ठेवा. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनने जवळजवळ तेवढाच गडद येतो आणि तो कमी मरतो. केळीच्या बागेसाठी थॅलो ग्रीन आणि ॲलिझरिन क्रिम्सन मिसळून पाहा. हिरव्याकडे झुकणारा इतका खोल काळा येतो की वर काळ्याची ट्यूब लागतच नाही. तोट्याची बाजू: ॲलिझरिन सुकायला आठवडा-दीड आठवडा घेतो, थॅलो तर बोटाला लागला की घरभर फिरतो.

थरांबद्दल थोडक्यात. खालचा थर कोरडा, कमी तेलाचा. वरचा त्याहून तेलकट. उलटं केलं तर खालचा थर वरच्यानंतर सुकतो आणि वर भेगा पडतात. खालचा थर अर्धवट सुकलेला असताना वर रंगवलं तर तो वरचं तेल ओढून घेतो. सावलीवर दुसरा हात द्यायच्या आधी नखाने कडेला दाबून पाहा, खूण उठली तर अजून दोन दिवस.

घाण्याचं तेल चालेल का?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. गल्लोगल्ली घाणे आहेत, रिफाइंड जवसाची छोटी बाटली कलेच्या दुकानात महाग मिळते आणि ऑनलाइन मागवली तर गळत येते.

तेलाने घट्ट होऊन पापुद्रा धरायचा तर त्यात ऑक्सिजनशी जुळणारी रचना भरपूर असावी लागते. तिचं मोजमाप म्हणजे आयोडीन मूल्य. जवसाचं साधारण १७० ते २००, करडईचं १४० ते १५०, तिळाचं आणि सरकीचं शंभरच्या थोडं वर, शेंगदाण्याचं शंभराच्या खाली, खोबरेलाचं दहाच्या आसपास. यावरूनच निकाल लागतो. शेंगदाण्याचं तेल घातलेलं चित्र दिवाळीपर्यंत ठेवलं तरी बोटाला चिकटेल. सरकीचं तेल अर्धवट सुकतं, म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. आपल्याकडे ते सगळ्यात सहज मिळतं म्हणून मोह होतो, पण नको.

करडईचं तेल खरोखर चित्रकलेत वापरलं जातं. काही उत्पादक पांढरा रंग त्यात घोटतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. पण ते हळू सुकतं, आणि किराणा दुकानातलं करडई तेल खाण्यासाठी असतं. ते खवट होऊ नये म्हणून त्यात काही घातलेलं असलं तर तेच सुकण्याच्या आड येतं.

राहिलं घाण्याचं कच्चं जवस तेल. ते सुकतं, हे खरं. पण त्यात चिकट गाळ असतो, रंग गडद असतो आणि पिवळं जास्त पडतं. खालच्या मातकट थरात एखाद्याने वापरलं तर जग बुडत नाही. तेल चोळून सावली उजळायची असेल तेव्हा मात्र रिफाइंडच घ्या, कारण तिथे ते सगळ्यात वर बसणार आहे. वाटीत थेंब-थेंब लागतं, छोटी बाटलीही वर्षानुवर्षं पुरते. हार्डवेअरमधलं उकळलेलं जवस तेल दारं-खिडक्यांसाठी ठेवा. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात, ते झटपट सुकतं आणि तितक्याच झटपट काळवंडतं.

व्हार्निशने प्रश्न मिटवायचा मोह

मेलेली सावली व्हार्निशचा एक हात मारला की क्षणात उठते, आणि म्हणून लोक चित्र पुरं झाल्याच्या आठवड्यातच बाटली उघडतात. याचा मोठा धडा आपल्या दाराशीच आहे. जळगावहून फर्दापूरमार्गे अजिंठा सगळ्यांनी पाहिलेला असतो. ती चित्रं तैलरंगातली नाहीत, सुक्या गिलाव्यावरची आहेत. पण एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नकला तैलरंगात झाल्या. पहिल्या मोठ्या कामाला रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक १८४४ मध्ये झाली. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि १८७९ मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम केलं. नकला करणाऱ्यांना भिंतीवरचे मळकट रंग नीट दिसत नव्हते, म्हणून ते उठून दिसावेत यासाठी मूळ चित्रांवर व्हार्निश मारलं गेलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅक, म्हणजे लाखेचं व्हार्निश, वापरलं. व्हार्निश पिवळं-तपकिरी पडलं, त्याने धूळ धरली, आणि ते काढायचं काम पुरातत्त्व खात्याला करावं लागलं. रंग उजळ दिसण्याची घाई किती लांबपर्यंत पुरते ते तिथे जाऊन टॉर्चच्या उजेडात पाहता येतं.

आपल्या चित्राबाबतीत गणित सोपं आहे. पातळ थरांच्या चित्राला अखेरचं व्हार्निश देण्याआधी निदान सहा महिने द्यावेत, नाइफने जाड लावलेल्या रंगाला वर्ष. आपल्याकडे उन्हाळ्यात वरून लवकर सुकतं म्हणून फसायला होतं, पापुद्र्याखालचा रंग मऊच असतो. लवकर सुकावं म्हणून चित्र गच्चीवरच्या उन्हातही ठेवू नका, त्याने वरचा पापुद्रा आवळतो आणि सुरकुततो. खोलीत, उजेडात, रंगवलेली बाजू भिंतीकडे करून किंचित झुकवून ठेवा, म्हणजे धूळ पाठीवर बसेल.

व्हार्निशच्या आधी सावल्यांवर एकदा तिरपा उजेड टाकून पाहा. अजून मेलेल्या जागा दिसत असतील तर आधी तेवढ्यांना तेल चोळा, तेल नीट सुकेपर्यंत काही आठवडे थांबा आणि मग सगळीकडे एकसारखा हात द्या. नाहीतर तहानलेल्या जागा व्हार्निशही पितील आणि चमक ठिगळाठिगळाची येईल.

वेळ झाली की नाही याची खूण अशी: चित्रातल्या सगळ्यात जाड जागेवर, कडेच्या बाजूला, मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंचित ओला केलेला कापूस फिरवा. कापूस पांढरा राहिला तर कोरडा, धूळ नसलेला दिवस बघून व्हार्निश करा. रंग उतरला तर चित्र पुन्हा भिंतीला टेकवा आणि पावसाळा जाऊ द्या.